आंब्याचे हँड पाय: सारण बाहेर येऊ नये म्हणून काय करायचं

आधी नावाचं बघू. मी आईला फोनवर "आज हँड पाय केलेत" म्हटलं तर ती म्हणाली हात-पाय? आणि बाकीचा माणूस कुठाय? तेव्हापासून आमच्याकडे यांना हातपायच म्हणतात. प्रकार साधा आहे, पफ पेस्ट्रीच्या चौकोनात फळाचं गोड सारण भरून ओव्हनमधे भाजायचं आणि हातात धरून खायचं, ओव्हनमधली करंजी म्हणा हवं तर.

पफ पेस्ट्री घरी लाटायच्या भानगडीत पडू नका. तीनपदरी घडी सहा वेळा घातली की बटरचे 729 थर होतात, ऐकायला भारी वाटतं, पण बटर 32 ते 35 डिग्रीला वितळतं आणि मे महिन्यात आपलं किचन दुपारी तेवढं तापलेलंच असतं. मी एकदा केली, ओट्यावर तुपाचं तळं झालं. फ्रोजन शीट आणा, नाहीतर जिथे खारी आणि पॅटिस स्वतः करतात अशा ओळखीच्या बेकरीत विचारा, काही ठिकाणी कच्चं पफ वजनावर देतात. पाकिटावर मार्जरीन लिहिलंय का बटर ते बघून घ्या. मार्जरीनवालं उन्हाळ्यात हाताळायला सोपं पण टाळूला चिकटतं, बटरवालं चवीला चांगलं पण जरा उशीर केलात की लगदा.

8 हातपायांसाठी लागतं ते असं: साधारण 400 ग्रॅम पफ, दीड वाटी हापूसचा रस, अर्धी वाटी जरा घट्ट आंब्याच्या बारीक फोडी, 3 टेबलस्पून साखर, 1 टेबलस्पून कॉर्नफ्लोर, 1 चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. डब्यातला गोड रस वापरणार असाल तर साखर एक चमचाभरच. शीट आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमधे ठेवा, ओट्यावर नाही.

आता सारण. इथे मी तीन वेळा आपटलेय म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या वेळी मी एका व्हिडिओतलं ऐकलं. त्यात बाई म्हणते फळाच्या फोडी घ्या, साखर घाला, भरा, झालं! काय झालं ते माझ्या ट्रेला विचारा. साखर लागली की फळ पाणी सोडतं, ओव्हनमधे अजून सोडतं, ते पाणी कडेतून वाट काढतं, ट्रेवर जळतं आणि घरभर धूर. आतून पाय रिकामा आणि खालून ओला, कारण पाणी प्यायलेले थर सुटत नाहीत. पफ फुलतं ते थरांतल्या पाण्याची वाफ होऊन, ती वाफ थरांना वर ढकलते, पण वरून रस गळत असेल तर ती जागा नुसती उकडते, भाजत नाही.

दुसऱ्या वेळी शहाणपणा केला, घरचा साखरआंबा भरला. घट्ट आहे ना, मग काय. तर नाही. बरणीतला घट्टपणा हा गार असतानाचा घट्टपणा, गरम झाला की पाकच तो, पळतो. जॅमचंही तेच, म्हणून "सरळ जॅम भरा" सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

तर करायचं काय, रस आटवायचा. आंब्याची साटं (पोळी) घालणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी: जाड बुडाच्या कढईत रस आणि साखर मध्यम गॅसवर ठेवा आणि हलवत राहा, मोबाईल बघत नाही, कारण आंबा फटाफट उडतो आणि हातावर उडाला की कळतं. दहा-बारा मिनिटांत निम्म्यावर येतो. मग कॉर्नफ्लोर दोन चमचे गार पाण्यात कालवून घाला आणि पुन्हा बुडबुडे येईपर्यंत, त्यावर अजून एक मिनिट शिजवा. इथे बरेच जण घाई करतात, घट्ट दिसलं की गॅस बंद. कॉर्नफ्लोर नीट उकळला नाही तर कच्चट लागतो आणि पुढे पाणी सोडतो. कढईच्या तळाशी चमच्याने रेघ ओढा, रेघ तशीच राहिली पाहिजे. गॅस बंद करून मग फोडी, लिंबू, मीठ. फोडी शिजवायच्या नाहीत, नाहीतर दाताखाली काही येतच नाही. वेलची मी घालत नाही, घातली की शिऱ्याची आठवण येते.

आणि तिसरी चूक, जी मला सगळ्यात जास्त लागली कारण सारण अगदी बरोबर जमलं होतं: ते कोमट असताना भरलं. बोटाला गरम लागत नव्हतं म्हणून. पण पेस्ट्रीतलं बटर तेवढ्यानेही मऊ पडतं, थर एकमेकांना चिकटतात, मग ओव्हन कितीही तापवा, चपटे सँडविच बाहेर येतात. सारण थाळीत पसरून तासभर फ्रीजमधे ठेवा. थाळी तिरकी केली तर ते सरकायला नको. सरकलं तर परत कढईत, लाज बाळगू नका.

पुढचं सोपं आहे. शीटचे 10 सेंटीमीटरचे चौकोन कापा, धारदार सुरीने सरळ खाली दाबून, करंजीचं कातणं वापरू नका, त्याने कडा दाबल्या जातात आणि फुलत नाहीत. मधे दीड टेबलस्पून सारण, जास्त नाही, कितीही मोह झाला तरी. कडेला पाण्याचं बोट, त्रिकोणी घडी, काट्या-चमच्याने दाबा. मुरड घालायला हात शिवशिवतील पण मुरडीचा इथे जाड गोळा होतो आणि तो आत कच्चाच राहतो. वर सुरीने दोन चिरा, वाफ जायला. अंडं किंवा दूध फक्त माथ्यावर लावा, कापलेल्या कडांवरून ओघळलं तर थर तिथेच चिकटले समजा. मग ट्रेसकट फ्रीजरमधे 15 मिनिटं, तोवर ओव्हन तापवा.

200 डिग्रीला 10 मिनिटं, मग 180 ला 12 ते 15. छोट्या ओटीजीत खालची-वरची दोन्ही कॉइल चालू. पहिली 15 मिनिटं दार उघडायचं नाही, मुलांनाही सांगून ठेवा. आणि पिवळसर दिसले की काढू नका, खारीसारखे चांगले तांबूस होऊ देत, उलटून बघा, खालूनही रंग आला पाहिजे. एअर फ्रायरमधे पण होतात, 180 ला, शेवटी एकदा उलटायचे. काढल्यावर 20 मिनिटं जाळीवर, आतलं सारण जीभ भाजतं, मी गंमत करत नाहीये.

पावसाळ्यात सफरचंद घ्या: बारीक फोडी, थोडी दालचिनी, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायच्या, बाकी सगळं तेच. स्ट्रॉबेरी मी सोडून दिली, फार पाणी. न भाजलेले हातपाय फ्रीजरमधे महिनाभर राहतात, तसेच गोठलेले ओव्हनमधे घाला आणि पाचेक मिनिटं जास्त द्या.

शीटच्या उरलेल्या कडांचा गोळा करून मळू नका, थर मोडतात. एकावर एक ठेवून हलकं लाटा, पट्ट्या कापा, वर साखर भुरभुरून त्याच ओव्हनमधे ढकला. हातपाय गार होईपर्यंत चहाबरोबर तेच खायचं असतं.