धार लावायला यंत्र की दगड? सुरी आणि विळीसाठी रीत

खाचेतून सुरी चार वेळा ओढली की धार, असं ते प्लास्टिकचं छोटं यंत्र. पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत दोन बाजूंचा राखाडी दगडही मिळतो. त्याला पंधरा-वीस मिनिटं आणि थोडी हातसवय लागते. तरी घरच्या सुऱ्यांसाठी दगडच घ्या. विळीच्या बाबतीत तर निवडच नाही, कारण पाटाला जखडलेलं बाकदार पातं त्या खाचेत जाणार कसं?

यंत्राच्या खाचेत इंग्रजी व्हीसारख्या दोन कठीण पट्ट्या असतात. त्या धार घासत नाहीत, पोलाद खरवडून काढतात. पहिल्या दिवशी टोमॅटो सुरेख चिरतो, पण कड आतून फाटकी राहिलेली असल्याने आठवड्यात सुरी पुन्हा बोथट होते. आपण पुन्हा ओढतो, आणि पातं झिजत जातं.

दगड जाड आणि बारीक अशा दोन्ही बाजूंचा घ्या; बारीक बाजू १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे कणांचा नंबर, मोठा तितका दगड बारीक) आसपासची असली तर उत्तम. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १० मिनिटं, पाण्यात ठेवा आणि मग ओल्या फडक्यावर मांडा म्हणजे सरकणार नाही. एकदा तेल लावलेला दगड नीट पाणी पीत नाही, म्हणून तेल आणि पाणी यांतलं एकच काहीतरी ठरवा.

खरी मेख कोनात आहे. पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश इतकी पाठ उचलली की सुमारे २० अंश होतात. पातं ३ सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १ सेंटीमीटर वर. अंदाज येत नसेल तर धारेवर मार्करने रेघ ओढा आणि दोन हात मारून बघा. शाई फक्त वरच्या अंगाला पुसली गेली तर पाठ फार खाली आहे. फक्त अगदी कडेची गेली तर फार वर.

आता मुठीकडून टोकापर्यंत पातं दगडाच्या पूर्ण लांबीवर फिरवा. दगडावर साचणारा राखाडी चिखल धुऊ नका, तोच घासायचं काम करतो. दुसऱ्या बाजूला बोटाचं पेर धारेवर आडवं फिरवून (धारेच्या लांबीने कधीच नाही) खरखर लागेपर्यंत घासा, मगच सुरी उलटा. नवशिक्यांचं इथेच चुकतं: खरखर येण्याआधी बाजू बदलली की तासभर घासूनही धार येत नाही. शेवटी बारीक बाजूवर एकेक हात आलटून पालटून, अगदी हलक्या हाताने, आणि मग जुन्या चामडी पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून दहा वेळा.

विळीला उलट करायचं: पातं स्थिर, दगड हातात. धार बसणाऱ्याकडे असते, म्हणून समोर नाही तर बाजूला बसा आणि पाट गुडघ्याखाली दाबा. पात्याला बाक असल्याने दगडाची सपाट बाजू नीट टेकत नाही. अरुंद कड वापरा आणि धारेकडून पाठीकडे ओढा, बोटं धारेच्या वाटेत येऊ न देता. घडीच्या विळीची खीळ ढिली असेल तर आधी ती ठोकून घ्या, नाहीतर पातं हलेल आणि कोन बदलत राहील. खवणीच्या दातांना दगड नको. बारीक त्रिकोणी कानस प्रत्येक दाताच्या फटीत दोन-तीनदाच.

धारवाल्याकडे द्यायचं असेल तर चाक कोरडं आणि वेगात असतं हे ध्यानात ठेवा. पात्यावर निळा डाग उमटला म्हणजे पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं आणि तिथला कठीणपणा उतरला. त्याला मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. दातेरी ब्रेडची सुरी मात्र सपाट दगडावर किंवा खाचेत घालूच नका.

यंत्र आधीच घरात असेल तर स्वस्त फळसुरीसाठी ठेवा. दगड मधोमध खोलगट झाला की काचेवर ८० नंबरचा वॉटर पेपर पसरून, पाणी घालून सपाट करा. विळी लोखंडी असेल तर लिंबू, कैरी किंवा चिंचेनंतर लगेच धुऊन पुसा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा.