उघड्यावरच्या करंट ट्रान्समीटरची निवड आणि जोडणी

मोटरचा विद्युतप्रवाह मोजून तो ४ ते २० मिलिअँपिअरच्या संकेताच्या रूपात नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचवणारा करंट ट्रान्समीटर ऊन, पाऊस आणि धुळीत बसवायचा असेल, तर अचूकतेच्या टक्केवारीआधी त्याची पेटी आणि केबल आत शिरते ती जागा तपासावी. माझ्या मते, उघड्यावर अशा उपकरणाचा खरा शत्रू पाणी हाच आहे आणि त्याची नेहमीची वाट ग्लँडमधून, म्हणजे केबल पेटीत घट्ट धरून ठेवणाऱ्या सीलबंद जोडातून, जाते.

पेटीवरचा आयपी ६६ (आयपी म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) हा शिक्का जोरदार फवाऱ्याची चाचणी सांगतो, तर आयपी ६७ हा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवण्याची. एक चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे दुसरीही झाली असे धरू नये. यंत्रे पाण्याने धुतली जातात तेथे ६६ आणि पाणी तुंबते तेथे ६७ पाहावा. कमाल तापमान ठरवताना हवेचे नव्हे, तर उन्हात तापलेल्या पेटीच्या आतले तापमान धरावे आणि शक्य असल्यास वर छत्री बसवावी. मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालत असेल, तर ट्रू आरएमएस (लहरीचा आकार कसाही असला तरी प्रवाहाचे खरे परिणामी मूल्य मोजणारा) प्रकारच घ्यावा, कारण तेथे प्रवाहाची लहर शुद्ध साइन नसते.

आता ग्लँड. केबलचा बाहेरचा व्यास ग्लँडच्या दिलेल्या मर्यादेत बसला पाहिजे. सैल बसणाऱ्या केबलभोवती टेप गुंडाळून काम भागवू नये. उन्हाने तापलेल्या पेटीवर अचानक पाऊस पडला की आतली हवा आकसते, दाब कमी होतो आणि सीलवर साचलेले पाणी अक्षरशः आत ओढले जाते. म्हणून केबल खालच्या बाजूने आत घ्यावी, ग्लँडच्या अलीकडे तिला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते, आणि न वापरलेली छिद्रे त्याच आयपी दर्जाच्या प्लगने बंद करावीत.

कोअर म्हणजे प्रवाह मोजण्यासाठी मोटरच्या तारेभोवती बसणारे चुंबकीय कडे. दुभंगणारा कोअर तार न सोडवता तिच्यावर चढवता येतो, पण त्याच्या दोन्ही जबड्यांच्या मिळणाऱ्या कडा स्वच्छ कापडाने पुसूनच तो मिटावा. तेथे धुळीचा किंवा गंजाचा पातळ थर राहिला तरी हवेची फट तयार होते आणि वाचन कमी येते. कोअरमधून एकाच फेजची तार न्यावी. तीनही फेज एकत्र नेल्यास संतुलित भारावर बेरीज जवळपास शून्य होते. बसवण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून स्विचला कुलूप लावणे अर्थातच आवश्यक आहे.

लूपचे, म्हणजे ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत वाहणाऱ्या मंडलाचे, गणित कागदावर करून ठेवावे. पुरवठा २४ व्होल्ट असून ट्रान्समीटरला किमान १२ व्होल्ट लागत असतील, तर उरलेल्या १२ व्होल्टमध्ये २० मिलिअँपिअरला एकूण ६०० ओहम चालतात. त्यातले २५० ओहम पीएलसीच्या (संकेत वाचणाऱ्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या नियंत्रकाच्या) इनपुटचे धरले, तर तारा आणि सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारे साधन) यांच्यासाठी ३५० उरतात. ही मर्यादा ओलांडली गेली, तर कमी भारावर सारे ठीक दिसते आणि नेमक्या जास्त भारावर वाचन वर चढायचे थांबते. हा दोष शोधताना माणसे ट्रान्समीटरच बदलत बसतात. केबलचे शील्ड (आतल्या तारांभोवतीचे धातूचे आवरण) सामान्यतः नियंत्रण कक्षाच्या एकाच टोकाला अर्थ करावे.

शेवटी पडताळणी करावी. ० ते १०० अँपिअर रेंजवर क्लॅम्प मीटर ६० अँपिअर दाखवत असेल, तर लूपमध्ये १३.६ मिलिअँपिअर मिळाले पाहिजेत. बंद मोटरला ४ मिलिअँपिअर येतात, म्हणून ३.६ किंवा त्याहून कमी प्रवाह आल्यास पीएलसीने त्याला मोटर बंद न समजता लूपमधील दोष समजावे, अशी अलार्मची मांडणी करावी. पहिल्या मोठ्या पावसानंतर झाकण उघडून टर्मिनलवर ओल किंवा हिरवट थर दिसतो का, हे पाहावे आणि झाकणाचे गॅस्केट खाचेत नीट बसवून सर्व स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.