क्रशरचा बेल्ट एका साइडला पळतोय? टेलच्या बोल्टला लगेच पाना लावू नका

खडी क्रशरवर बेल्ट सरकून फ्रेमला घासायला लागला की जो तो पाना घेऊन टेल पुलीकडे, म्हणजे माल बेल्टवर चढतो त्या टोकाच्या पुलीकडे पळतो, मीपण सुरवातीला हेच करायचो. पण तिथले बोल्ट बेल्ट ताणायला असतात, वळवायला नाही. एकाच बाजूनं आवळत राहिलं तर तिकडची कड ताणून लांबते आणि मग तो बेल्ट कधीच सरळ चालत नाही.

आधी रिकामा चालवून नुसतं बघत उभं राहा. बेल्टचा तोच तुकडा फिरून फिरून सगळीकडे बाहेर येतोय? मग जोड तिरका बसलाय, तो काटकोनात कापून परत जोडावा लागेल, रोलर हलवून काही उपयोग नाही. अख्खा बेल्ट एकाच जागी बाहेर जातोय तर गडबड तिथल्या नाहीतर त्याच्या मागच्या रोलरमधे. आणि रिकामा नीट चालतो पण माल पडला की पळतो, तर च्युट, म्हणजे माल बेल्टवर सोडणारी घसरण बघा. माल उजवीकडे पडत असेल तर बेल्ट बहुतेक डावीकडे जातो.

मग सफाई. पावसाळ्यात ओली डस्ट रिटर्न रोलरला (परत येणाऱ्या बेल्टखालचे रोलर) आणि टेल पुलीला थापून बसते, रोलर एका टोकाला जाड होतो आणि बेल्ट भरकटतो, अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. पण मेन स्विच पाडून, कुलूप लावून, चावी आपल्याच खिशात ठेवून. चालू बेल्टवर खोरं घालणाऱ्याला मी सरळ हाकलतो.

एवढं करूनही पळतोय तर मग रोलर. नियम एकच, बेल्ट रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो तिकडे सरकतो. म्हणून उजवीकडे जात असेल तर उजवं टोक बेल्टच्या चालीच्या दिशेनं पुढे ढकला, सायकलच्या हँडलसारखं. खालच्या बाजूला चाल उलटी असते, नवीन पोरं हमखास इथे फसतात. जिथे बाहेर जातो त्याच्या अलीकडचे तीन-चार रोलर प्रत्येकी सूतभर हलवा, एकच रोलर इंचभर नको. आधी रिटर्न म्हणजे खालची साइड हेडकडून (माल उतरतो ते टोक) टेलकडे, नंतर वरची टेलकडून हेडकडे. दर वेळी मशीन बंद करूनच रोलरचा बोल्ट ढिला करा, मग दोन-तीन फेऱ्या होऊ द्या, फरक लगेच दिसत नाही.

शेवटी माल टाकून बघा. जमलं की रोलरच्या ब्रॅकेटशेजारी फ्रेमवर ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवा, रात्रपाळीत कोणी हलवलं तर सकाळी चहाच्या आधी कळतं.