घरचा पीसी बाहेरून वापरताय? ३३८९ उघडा ठेवू नका
रिमोट डेस्कटॉपचा (दुरून पीसीची स्क्रीन चालवायची विंडोजची सोय) ३३८९ पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांकित दरवाजा, राउटरवर सरळ फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून थेट पीसीकडे वळवला, की पासवर्ड चाचपणारे बॉट दारात येतातच. पोर्टचा आकडा बदलूनही ते शोधून काढतात. त्यापेक्षा राउटरमध्येच वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचा व्हीपीएन, चालू करा आणि रिमोट डेस्कटॉप त्यातूनच वापरा. बाहेरून फक्त यूडीपी ५१८२० हा पोर्ट लागतो आणि किल्ली जुळली नाही तर तो उत्तरच देत नाही.

आधी राउटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा त्याचा पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटला आहे. बाहेरून काहीच पोहोचणार नाही. कंपनीकडून स्वतःचा पब्लिक आयपी मागून घ्या.

स्क्रीन अडखळते? राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणत्या डेटाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के ठेवा: २० एमबीपीएस मिळत असतील तर १८. नाहीतर रांग मोडेममध्ये साचते आणि राउटरने लावलेला अग्रक्रम वाया जातो.