चित्रपट विकास महामंडळाचा इतिहास अभ्यासताना: कोकणातील नव्या अभ्यासकांसाठी

जनसंवाद किंवा चित्रपट-अभ्यास हा विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला निघालेले रत्नागिरी-सिंधुदुर्गातील विद्यार्थी प्रबंधाच्या विषयाबद्दल विचारतात, तेव्हा मी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, म्हणजे चित्रपटांना पाठबळ देणाऱ्या केंद्र सरकारच्या एनएफडीसी या संस्थेचा, इतिहास आवर्जून सुचवतो. मी स्वतः याच विषयावर काम केले आहे, आणि त्यातून आलेला पहिला सल्ला असा की, महामंडळाच्या स्थापनेच्या सालापासून आरंभ करू नये.

आरंभ १९४९ मध्ये करावा. त्या वर्षी केंद्र सरकारने चित्रपट चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष स. का. पाटील होते. मालवणच्या सिंधुदुर्ग महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे पाटील; आपल्याकडे ते मुंबईच्या राजकारणातले नेते म्हणून ठाऊक आहेत, पण भारतीय चित्रपटाच्या सरकारी धोरणाचा पाया त्यांच्या समितीने घातला, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगते. व्ही. शांताराम आणि बी. एन. सरकार यांच्यासारखे जाणकार या समितीत होते. चित्रपटांना कर्ज देणारे वित्त महामंडळ आणि प्रशिक्षण देणारी संस्था या दोन्हींची शिफारस समितीने १९५१च्या अहवालात केली. हा अहवाल मुळातून वाचावा. निर्मात्याला बाजारातून पैसा कसा उभा करावा लागे, याचे त्यातील वर्णन वाचल्याशिवाय सरकारला या धंद्यात का पडावे लागले ते उमगत नाही.

अंमलबजावणीला जवळजवळ दशक लागले. १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजे समितीने सुचवलेले आणि पुढे एनएफडीसीत विलीन झालेले वित्त महामंडळ, सुरू झाले आणि त्याच वर्षी पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली. बहुतेक अभ्यासक या दोन संस्थांचे इतिहास वेगवेगळे लिहितात; माझ्या मते ते एकत्रच वाचले पाहिजेत. १९६९च्या सुमारास, बी. के. करंजिया कॉर्पोरेशनचे अध्यक्ष असतानाच्या काळात, कॉर्पोरेशनने कमी खर्चाच्या आणि साहित्यकृतींवर आधारलेल्या चित्रपटांना कर्ज देण्याचे धोरण धरले. त्यातून मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’, मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ आणि बासू चटर्जी यांचा ‘सारा आकाश’ हे चित्रपट उभे राहिले. या तिन्हींची श्रेयनामावली शेजारी शेजारी ठेवून पाहा. तिन्हींचे छायाचित्रण के. के. महाजन यांचे आहे, आणि महाजन पुण्याच्या त्याच इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले. पाटील समितीने सुचवलेल्या दोन गोष्टी, पैसा आणि प्रशिक्षण, इथे एकाच पडद्यावर भेटतात. कागदपत्रांतून उलगडलेला इतिहास असा डोळ्यांना दिसू लागला की या कामाचा शीण वाटेनासा होतो.

श्रेयनामावली वाचण्याची सवय आणखी एका कारणासाठी लावून घ्यावी: चित्रपट कर्जावर झाला की संस्थेनेच निर्मिला, हे तिच्यातून पाहता येते. कॉर्पोरेशन देत असे ते फक्त कर्ज. चित्रपट निर्मात्याच्या मालकीचा राही आणि परतफेडीची जबाबदारीही त्याच्यावरच येई. पुढे एनएफडीसी स्वतः निर्माती म्हणून उतरू लागली. जब्बार पटेल यांचा ‘एक होता विदूषक’ (१९९२) हे मराठीतील उदाहरण. नुकसान झाले तर ते कोणाच्या खाती, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी निराळे आहे, आणि माझ्या मते या संस्थेच्या संपूर्ण इतिहासाचा कणा हाच प्रश्न आहे. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने कॉर्पोरेशनवर टीका केली, तिच्या मुळाशीही तोच होता. एनएफडीसीची नोंदणी १९७५ची असून फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन तिच्यात १९८० मध्ये विलीन झाले.

कर्ज मिळाले, चित्रपट झाला, पण दाखवायचा कोठे, ही अडचण मात्र पुष्कळ काळ सुटली नाही. कोकणातील चित्रपटगृहांपर्यंत असे चित्रपट सहसा पोहोचले नाहीत. आपल्याकडच्या प्रेक्षकाला अशा प्रकारचा चित्रपट भेटला तो प्रामुख्याने दूरदर्शनवर, रविवारी दुपारच्या प्रादेशिक चित्रपटांच्या वेळेत. या प्रेक्षकांच्या आठवणी नोंदवणे हे काम तुमच्यासाठी मोकळे आहे. देवगड, वेंगुर्ले, राजापूर येथील साठी ओलांडलेल्या माणसांशी निवांत बोलावे. मालवणी बोलता येणाऱ्याला ती जितके सांगतील तितके बाहेरून आलेल्या संशोधकाला सांगणार नाहीत.

कागदपत्रांसाठी पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गाठावे. १९६४ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय, तसेच माहितीपट बनवणारी १९४८ची सरकारी संस्था फिल्म्स डिव्हिजन, २०२२ मध्ये एनएफडीसीतच विलीन करण्यात आली. त्यामुळे जुन्या लेखांतील संस्थेचे नाव आणि आजचे नाव यांचा मेळ घालूनच अर्ज लिहावा. जाण्यापूर्वी काय पाहायचे आहे ते चित्रपटाचे नाव, वर्ष आणि दिग्दर्शक यांसह लेखी कळवावे व उत्तर आल्यावरच एसटीचे आरक्षण करावे. चित्रपट व्यवसायातील मंडळींना प्रत्यक्ष भेटायचे असेल, तर एनएफडीसीने २००७ मध्ये सुरू केलेला फिल्म बाजार हा चित्रपट व्यावसायिकांचा मेळावा गोव्यात भरतो, आणि सावंतवाडीहून पणजी पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे.