धाब्याच्या घरात दोन पडद्यांचं व्हिडिओ-मांडणीशिल्प

मांडणीशिल्प म्हणजे प्रेक्षक आत शिरून पाहतो ती कलाकृती; इथे दोन पडद्यांवर एकाच वेळी व्हिडिओ चालतात, म्हणून खोली अंधारी हवी. खानदेशातलं धाब्याचं घर त्याला उत्तम. फक्त छताची माती झिरपून लेन्सवर बसते, म्हणून प्रोजेक्टरच्या वर ताडपत्री ताणा. प्रोजेक्टरच्या बाजूच्या हवेच्या जाळ्या मात्र मोकळ्या ठेवा, नाहीतर मे महिन्यात तो तापून बंद पडणारच. थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्राला ३ मीटर अंतर लागतं. पडदा मांजरपाटाचा, खळ धुऊन काढलेला.

डाव्या पडद्यावर घरात ऐकलेलं अहिराणीत सांगणारी आजी, उजव्या पडद्यावर त्याच घटनेची कागदपत्रं. उदाहरणार्थ, फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन १९३६चं. आजी दुसरं साल सांगत असेल तर कापू नका, तेव्हाच उजवीकडे खरं साल दाखवा. दोन वेगळे प्लेअर हळूहळू मागेपुढे होतात. म्हणून दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी असलेली ३८४० बाय १०८० पिक्सेलची एकच फाइल एकाच संगणकाच्या दोन आउटपुटवर पसरा.