स्टॉर्नोवे पॅरिशमध्ये नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडच्या वायव्येला, मुख्य भूमीवरील उलापूल बंदरापासून बोटीने सुमारे अडीच तासांच्या अंतरावर लुईस हे बेट आहे. चर्चच्या कारभारासाठी या बेटाचे जे चार भाग पाडले गेले, त्यांतील एक म्हणजे स्टॉर्नोवे पॅरिश. बंदराचे शहर, पूर्वेकडचा पॉइंट हा द्वीपकल्प आणि उत्तरेला बॅक, ग्रेस, टॉल्स्टा ही किनाऱ्यावरची गावे तिच्यात येतात. नोकरीसाठी इकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांचे पहिले प्रश्न घर, शाळा, थंडी आणि वाणसामान यांविषयी असतात, आणि ते योग्यच आहे. मात्र येथील माणसांशी खरी ओळख व्हायची असेल, तर ही जमीन कोणाची होती आणि आज ती कोणाची आहे, हे आधी समजून घ्यावे, असे मी प्रत्येक नव्या कुटुंबाला आग्रहाने सांगतो.

सुरुवात ल्यूज कॅसलपासून करावी, कारण बंदरात उतरताच समोरच्या झाडीतून डोकावणारी ही वास्तू आपल्याही इतिहासाशी जोडलेली आहे. जेम्स मॅथेसन यांनी 1844 मध्ये संपूर्ण लुईस बेट विकत घेतले आणि त्यानंतर हा वाडा बांधला. त्यांची संपत्ती चीनमधील व्यापारातून, विशेषतः अफूच्या व्यापारातून आली होती, आणि त्या अफूपैकी माळव्यात पिकणारा मोठा हिस्सा मुंबई बंदरातून चीनला जात असे. मॅथेसन यांच्या कंपनीचे मुंबईतील प्रमुख सहकारी सर जमशेटजी जीजीभॉय होते. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले तेच हे जमशेटजी, त्यामुळे एकाच व्यापारातल्या पैशाच्या खुणा या दोन बंदरांत आजही दिसतात. मॅथेसन यांनी 1846 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात धान्य पुरवले, पण पुढच्या काही वर्षांत बेटावरच्या सतराशेहून अधिक लोकांची कॅनडाला रवानगीही केली, आणि येथील घराघरांत ही दुसरी गोष्ट अधिक तीव्रतेने स्मरणात आहे.

वाड्याला जोडून 2016 मध्ये सुरू झालेले संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. लुईसच्या पश्चिम भागात 1831 मध्ये सापडलेल्या, वॉलरस या समुद्री प्राण्याच्या सुळ्यांतून कोरलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी सहा तेथे ठेवलेल्या आहेत. भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेन्झी हेही याच गावचे. जकात कचेरीतील नोकरी सोडून ते 1783 मध्ये मद्रासला गेले, आणि दक्षिणेत मोजणी करता करता त्यांनी जमवलेल्या प्रचंड संग्रहात मराठी हस्तलिखितेही होती. आपल्या भाषेतला मजकूर जपून ठेवणारा माणूस या वाऱ्यापावसाच्या गावात वाढला, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

शहराच्या पूर्वेला ब्राय नावाची जमिनीची अरुंद पट्टी पॉइंटला बाकीच्या बेटाशी जोडते. पॉइंटमधील घराचे भाडे परवडते म्हणून लगेच होकार देण्यापूर्वी हा रस्ता हिवाळ्यात पाहून घ्या, कारण मोठ्या वादळात लाटा थेट रस्त्यावर येतात आणि तो बंद करावा लागतो. रुग्णालयात पाळीने काम करणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा. बोटीही अशा दिवसांत रद्द होतात आणि दुकानांतील फडताळे लवकर रिकामी होतात, म्हणून डाळ, तांदूळ आणि औषधे आठवडाभर पुरतील इतकी घरात असावीत.

ब्रायच्या पलीकडच्या टोकाला, समुद्राच्या अगदी काठावर उई चर्चचे छत नसलेले अवशेष उभे आहेत. लुईसच्या मॅक्लाउड सरदारांची दफनभूमी येथेच होती. आत भिंतीला लावलेल्या दोन कोरीव शिळांपैकी एकीवर चिलखतातल्या योद्ध्याची आकृती आहे आणि दुसरी 1503 मध्ये मरण पावलेल्या एका सरदारकन्येची आहे. आवारात फिरताना थडग्यांवर पाय पडू देऊ नये. जवळच ऐग्निश येथे एक स्मारक आहे. क्रॉफ्ट, म्हणजे खंडाने कसायचा जमिनीचा छोटा तुकडा, तोही न मिळालेली पॉइंटची माणसे 1888 च्या जानेवारीत ऐग्निशच्या मोठ्या शेतावर चालून गेली आणि तेथील जनावरे त्यांनी हाकलून दिली. त्यांच्यावर लष्कर धाडण्यात आले आणि काहींना तुरुंगवास झाला, परंतु कालांतराने त्याच शेताचे क्रॉफ्ट पाडले गेले.

रविवारविषयी येथे सांगितलेले बरे. चर्चच्या शिकवणीप्रमाणे तो येथे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस मानला जातो. रविवारची विमाने 2002 मध्ये आणि बोट 2009 मध्ये सुरू झाली, आणि शहरातले मोठे सुपरमार्केट रविवारी उघडू लागले ते तर 2024 मध्ये, तेही बऱ्याच विरोधानंतर. शेजारी वयस्कर असतील तर त्या दिवशी बाहेर कपडे वाळत घालू नयेत आणि गवत कापायचे यंत्र लावू नये. हा कायदा नव्हे, पण ही मर्यादा पाळणाऱ्या शेजाऱ्याला लोक आपला मानतात. जमल्यास एकदा येथील जुन्या गेलिक भाषेतील प्रार्थनेला मागच्या बाकावर जाऊन बसावे. कोणतेही वाद्य नसते. एकजण स्तोत्राची ओळ उचलतो आणि सारी सभा आपापल्या वळणाने ती गाते. कीर्तनात बुवांनी म्हटलेला चरण टाळकऱ्यांनी झेलावा तसे ते ऐकू येते. अन्य धर्मीयांना येथे परके समजले जाईल, अशी भीती बाळगू नये, कारण दक्षिण आशियाई कुटुंबे या गावात कित्येक दशकांपासून दुकाने चालवत आहेत आणि 2018 मध्ये येथे मशीदही उघडली.

शहराच्या दक्षिणेकडील होमच्या टोकावर एक स्मारक आहे, तेथे मात्र घाईने जाऊन येऊ नये. पहिले महायुद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या नौसैनिकांना घेऊन येणारी युलर ही नौका 1 जानेवारी 1919 च्या पहाटे बंदराच्या तोंडाशीच खडकांवर आदळली. सुमारे 280 माणसांपैकी 201 मरण पावली. जॉन एफ. मॅक्लाउड हे दोर घेऊन पोहत किनाऱ्याला लागले आणि त्या दोराच्या आधाराने सुमारे 40 जण वाचले. या दुर्घटनेविषयी कित्येक घरांत दोन पिढ्या कोणी बोललेच नाही. सहकाऱ्यांना त्याबद्दल सहज विचारू नये, त्यांनी विषय काढला तर ऐकावे.

युद्धातून वाचून आलेल्यांना जमिनीचे आश्वासन मिळालेले होते. मात्र 1918 मध्ये साबणाचे कारखानदार लॉर्ड लेव्हरहुल्म यांनी बेट विकत घेतले होते आणि मासेमारीवर आधारलेल्या त्यांच्या मोठ्या उद्योगामुळे वाढणाऱ्या शहराला दूध पुरवण्यासाठी त्यांना जवळची ग्रेस आणि कोल ही शेते अखंड हवी होती. परतलेल्या सैनिकांनी त्या शेतांत घुसून जमीन आखून घेतली. त्याचे स्मारक ग्रेसला आहे, आणि टॉल्स्टाच्या पुढे लेव्हरहुल्म यांनी बांधलेला पूल आहे, जेथून बेटाच्या उत्तर टोकाच्या नेसपर्यंत जाणारा रस्ता कधीच पूर्ण झाला नाही. लेव्हरहुल्म यांनी 1923 मध्ये माघार घेताना बेट तेथील रहिवाशांना देऊ केले. आपल्या भागाची जमीन फक्त स्टॉर्नोवे पॅरिशने स्वीकारली आणि तिचा कारभार पाहण्यासाठी स्टॉर्नोवे ट्रस्टची स्थापना झाली. त्याच वर्षी सुमारे 300 तरुण मेटागामा बोटीने याच बंदरातून कॅनडाला गेले.

आज सुमारे 69,000 एकर जमीन या ट्रस्टच्या ताब्यात आहे आणि ट्रस्टचे दहा विश्वस्त रहिवासी मतदानाने निवडतात. म्हणून फिरायला जाताना क्रॉफ्टचे फाटक जसे होते तसेच लावावे, मेंढ्या असतील तेथे कुत्रा दोरीवर ठेवावा, आणि पीट, म्हणजे वाळवून जळणासाठी वापरायची दलदलीतली माती, काढण्याचे खड्डे बेवारस आहेत असे समजू नये. ब्रिटनमध्ये राहण्याची वैध परवानगी असलेल्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मतदारयादीत नाव नोंदवता येते. घराचा पत्ता पक्का होताच तो अर्ज भरावा आणि ट्रस्टची निवडणूक लागली की उमेदवारांची निवेदने वाचून मत द्यावे. पवनचक्क्या कोठे उभ्या राहाव्यात, नवी घरे कोठे बांधावीत, असे प्रश्न त्या निवडणुकीत येतात आणि त्यांचा संबंध तुमच्याही घराशी असतो.